माथ्यावरचा अग्नी, कुशीतले पाणी : रामटेकच्या त्रिपूर उत्सवाची प्रस्तावना

नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर, भातशेतीच्या सपाट मुलखात रामगिरीची टेकडी उभी आहे. तिच्या माथ्यावर राम आणि लक्ष्मण यांची मंदिरे आहेत आणि तिच्या कुशीत अंबाळा नावाचा, चहूबाजूंनी घाट आणि देवळे असलेला तलाव आहे. कार्तिक पौर्णिमेच्या मध्यरात्री या गडमंदिराच्या शिखरावर त्रिपूर पेटवला जातो, आणि त्या निमित्ताने भरणाऱ्या यात्रेत पूर्व विदर्भातून, तसेच लगतच्या शिवनी-छिंदवाड्याकडून आलेला यात्रेकरू आधी अंबाळ्यात स्नान करतो, मग पायऱ्या चढून वर जातो. त्रिपूर म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला देवळाच्या शिखरावर, दीपमाळेवर किंवा प्राकारात लावला जाणारा मोठा अग्निदीप. शिवाने त्रिपुरासुराची तीन नगरे जाळली त्या घटनेचे हे स्मरण आहे, असे महाराष्ट्रात सर्वत्र समजले जाते. रामटेकला मात्र हा शैव अग्नी वैष्णव देवळावर पेटतो, आणि पाण्याशी त्याचे नाते इतके जवळचे आहे की एकाला सोडून दुसऱ्याचा विचार करता येत नाही. या प्रस्तावनेचा विषय हे नातेच आहे.

पवित्र पाणी आणि वार्षिक अग्निविधी यांची सांगड घालणारी स्थाने जगात इतरत्रही आहेत. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत 'धोंड' म्हणून ओळखले जाणारे व्रतस्थ भक्त तळ्यात स्नान करून पेटलेल्या होमकुंडातून चालत जातात. जपानमध्ये नाची येथील धबधब्यासमोर दरवर्षी १४ जुलै रोजी पेटत्या मशालींचा उत्सव होतो. यांपैकी नाचीचा उत्सव रामटेकच्या अभ्यासकाला विशेष उपयोगी पडतो, कारण तिथेही डोंगर, पाणी, भातशेती आणि एकाहून अधिक धर्मपरंपरा एकाच जागी गुंतलेल्या आहेत. शिवाय त्या जागेची जन्मकथा भारतातून आलेल्या एका साधूशी जोडलेली आहे. म्हणून पुढील विवेचनात रामटेक केंद्रस्थानी ठेवून नाचीचा आधार घेतला आहे. दोन्हींकडे पाहिल्यावर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते: स्थानाचे पावित्र्य एकदा प्रस्थापित होऊन कायमचे टिकत नाही, ते दरवर्षी माणसांच्या हातून नव्याने घडवावे लागते, आणि उत्सव हा त्या घडवण्याच्या कामाचाच दृश्य भाग असतो.

स्थान आणि पाणी

विदर्भाच्या या भागात उंच कड्यांवरून कोसळणारे मोठे धबधबे नाहीत. पावसाचे पाणी इथे उतारावरून वाहून जाते, आणि ते अडवून ठेवण्याची विद्या हीच या प्रदेशाची जलसंस्कृती ठरली. नागपूर जिल्ह्याच्या पूर्वभागात आणि त्याला लागून असलेल्या भंडारा-गोंदिया पट्ट्यात मातीची पाळ घालून बांधलेले तलाव आणि बोड्या गावोगाव दिसतात. बोडी म्हणजे लहान तळे, ज्याच्या पाण्यावर खालच्या बांध्यांतला भात पिकतो. या तलावांच्या बांधणीत कोहळी समाजाने मिळवलेले कौशल्य सर्वश्रुत आहे. रामटेकचे देवस्थान या तलावांच्या मुलखात वाढले. त्यामुळे धबधब्याच्या ठिकाणी कोसळणाऱ्या पाण्याला जे स्थान असते, ते इथे साठवलेल्या पाण्याला मिळाले.

या पाण्याचा सर्वांत प्रसिद्ध वाङ्मयीन निर्देश कालिदासाच्या 'मेघदूता'त आहे. शापित यक्ष ज्या रामगिरीच्या आश्रमांत राहिला, तिथले पाणी सीतेच्या स्नानाने पुण्यमय झाले होते, असे कवी काव्याच्या आरंभीच सांगतो. हा रामगिरी म्हणजेच रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ताम्रपट, शिलालेख आणि भूगोल यांच्या आधारे मांडले. छत्तीसगडमधील सरगुजा जिल्ह्यातल्या रामगडाचा पक्षही काही अभ्यासकांनी घेतला असला, तरी वाकाटक राजघराण्याच्या राजधानीशी असलेली जवळीक रामटेकच्या बाजूने भक्कम पुरावा ठरते. वाकाटकांची नंदिवर्धन ही राजधानी म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिने पती रुद्रसेन दुसरा याच्या निधनानंतर अल्पवयीन मुलाच्या नावाने याच नंदिवर्धनातून राज्यकारभार पाहिला. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळालेला तिचा ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून, म्हणजे या टेकडीवरच्या देवाच्या सान्निध्यातून, दिलेला आहे. तिच्या दानपत्रांत कार्तिक शुद्ध द्वादशी ही तिथी येते, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रबोधिनी एकादशीचा उपवास करून दुसऱ्या दिवशी दान देणारी ही राणी ज्या पंधरवड्यात देवाच्या चरणी आली, त्याच पंधरवड्यात आजही रामटेकची यात्रा भरते. पाचव्या शतकातला विधी आणि आजची यात्रा यांच्यात अखंड परंपरा होती असा निष्कर्ष एवढ्यावरून काढणे घाईचे होईल. तरीही कार्तिक शुद्ध पक्षाला या टेकडीवर मिळालेले महत्त्व अठराव्या शतकातल्या नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचे नसून सोळा शतकांपूर्वीचे आहे, एवढे मात्र या तिथीने सिद्ध होते.

टेकडीवर वाकाटककालीन अवशेष मोठ्या संख्येने आहेत. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन मंदिरे, प्रचंड आकाराचा वराह, त्रिविक्रमाची भग्न मूर्ती आणि भोगरामाचे मंदिर यांवरून हा डोंगर त्या काळी विष्णूच्या अवतारांचे मोठे केंद्र होता, हे स्पष्ट होते. केवल नरसिंहाच्या मंदिरातील शिलालेखात प्रभावतीच्या नावाने स्थापलेल्या प्रभावतीस्वामी या देवाचा आणि सुदर्शन नावाच्या जलाशयाचा उल्लेख आहे. देव आणि जलाशय यांची नोंद एकाच लेखात व्हावी, यावरून मंदिर उभारणे आणि पाणी बांधणे ही एकाच पुण्यकर्माची अंगे मानली जात होती, असे दिसते. पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस, देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या कारकिर्दीत, लक्ष्मण मंदिरात कोरलेल्या लेखाने या डोंगरावरची देवळे आणि परिसरातली तीर्थे यांची नामावळीच दिली. तीर्थ म्हणजे जिथे उतरून स्नान करायचे असे पवित्र जलस्थान. यादवकाळापर्यंत रामटेक हे एका देवाचे ठाणे न राहता अनेक तीर्थांना जोडणारी परिक्रमा झाले होते, हे या लेखावरून कळते.

अंबाळ्याची कथा या तीर्थमालेत बसते. अंब नावाच्या राजाचा कुष्ठरोग इथल्या पाण्याने बरा झाला आणि म्हणून त्याने तलाव बांधवला, अशी आख्यायिका सांगतात. रोग बरा करणारे पाणी ही कल्पना भारतातल्या असंख्य तीर्थांच्या मुळाशी आहे, तेव्हा या कथेकडे इतिहास म्हणून पाहण्यापेक्षा पाण्यावर सोपवलेल्या कार्याचे वर्णन म्हणून पाहणे योग्य. अंबाळ्याचे पाणी शरीरावरचा मळ काढते तसे कुळावरचे ऋणही फेडते, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच नागपूर आणि आसपासच्या गावांतून लोक मृतांच्या अस्थी घेऊन आणि पिंडदानासाठी याच घाटांवर येतात. वर्षभर घाटावर पितरांची कामे चालतात आणि कार्तिकात त्याच घाटावरून यात्रेकरू देवदर्शनाला निघतो. मृत्यूचे पाणी आणि उत्सवाचे पाणी इथे वेगळे काढलेले नाही.

घाटावरून सुरू होणाऱ्या पायऱ्या चढत गेल्यावर, तसेच गावाकडून येणाऱ्या वाटेने, गडाचे दरवाजे ओलांडावे लागतात. वराह, सिंहपूर, भैरव आणि गोकुळ ही त्यांची नावे. वराह दरवाज्याजवळच्या वराहाच्या भव्य पाषाणमूर्तीच्या पोटाखाली चार पायांमधून पार होण्याची अरुंद जागा आहे, आणि यात्रेकरू तिथून सरपटत पलीकडे जातात. जो पापी असेल तो अडकतो, असा समज आहे. पाण्याने ओले झालेले शरीर दगडाखालून घासत नेण्याची ही कृती पाहिली की रामटेकची यात्रा डोळ्यांपेक्षा अंगाने करायची आहे, हे कळते. आजचे गडमंदिर अठराव्या शतकात नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी देवगडच्या विजयानंतर जीर्णोद्धारित केले असे मानले जाते. वाकाटकांनी घडवलेल्या, यादवांनी वर्णिलेल्या जागेला मराठेशाहीने नवे तट आणि नवे वैभव दिले. आजच्या यात्रेकरूला दिसणारा गड मुख्यतः या शेवटच्या टप्प्याचा आहे.

त्रिपूर : कथा आणि कृती

त्रिपुराच्या कथेचे महाभारताच्या कर्णपर्वात आणि पुराणांत आलेले रूप असे आहे. तारकासुराच्या तीन पुत्रांनी सोन्याचे, रुप्याचे आणि लोखंडाचे अशी तीन फिरती नगरे मिळवली. ती तिन्ही एका रेषेत येतील त्या क्षणी एकाच बाणाने भेदली तरच नष्ट होतील, असा वर होता. शिवाने तो क्षण साधून त्यांचा नाश केला. या कथेतला एक तपशील रामटेकच्या संदर्भात निर्णायक ठरतो. शिवाच्या रथाची आणि शस्त्रांची घडण सर्व देवांनी मिळून केली होती, आणि त्यात विष्णू हा बाण होता व अग्नी हे त्या बाणाचे टोक. म्हणजे त्रिपुरदहन शिवाचे असले, तरी जाळणारा बाण विष्णूचा आणि टोकाची ज्वाळा अग्नीची. वैष्णव देवळाच्या शिखरावर, म्हणजे देवळाच्या सर्वांत टोकदार आणि सर्वांत उंच जागी, त्रिपूर पेटतो तेव्हा कथेची ही रचना वास्तूतच उतरलेली दिसते. असा अर्थ विधी सुरू करणाऱ्यांच्या मनात होता की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु शैव सण वैष्णव देवळावर कसा आला या शंकेला कथेतूनच मिळणारे हे उत्तर दुर्लक्षण्याजोगे नाही.

पंचांगही याच दिशेला बोट दाखवते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वैकुंठ चतुर्दशी येते, ज्या रात्री हरी आणि हर एकमेकांना भेटतात अशी समजूत आहे. त्या दिवशी विष्णूला बेल आणि शिवाला तुळस वाहण्याची रीत महाराष्ट्रात आहे. रामटेकला वैकुंठ चतुर्दशीला शोभायात्रा निघते, आणि दुसऱ्या रात्री त्रिपूर पेटतो. एकादशीला विष्णू जागा होतो, चतुर्दशीला तो शिवाला भेटतो आणि पौर्णिमेला दोघांच्या संयुक्त पराक्रमाचा अग्नी शिखरावर चढतो, अशा क्रमाने पाहिले तर पाच दिवसांचा हा काळ एकाच विधीचे टप्पे ठरतो. यात्रेच्या वर्णनांत पौर्णिमेची रात्र तेवढी सांगितली जाते आणि आधीचे दिवस गळून पडतात, त्यामुळे त्या रात्रीचा अर्थही अर्धाच राहतो.

कृतीच्या बाजूने पाहता रामटेकच्या त्रिपुराचे वैशिष्ट्य त्याच्या इंधनात आहे. अन्यत्र त्रिपुरवाती म्हणजे कापसाच्या लांब वाती तुपात भिजवून पणत्यांत किंवा दीपमाळेवर लावतात. घरोघरच्या स्त्रिया कार्तिकभर त्या वळत असतात. रामटेकला देवाच्या मूर्तींना वर्षभर नेसवलेली वस्त्रे या अग्नीत जातात. परंपरेत पीतांबराचा, म्हणजे देवाला नेसवायच्या पिवळ्या रेशमी वस्त्राचा, उल्लेख प्रामुख्याने येतो. वर्षभराच्या पूजेत अभिषेकाचे पाणी, चंदन, तेल आणि माणसांच्या हातांचा स्पर्श यांनी मळलेले हे कापड टाकून देता येत नाही, कारण ते देवाच्या अंगावरचे आहे. आणि ठेवूनही घेता येत नाही, कारण ते झिजले आहे. अग्नी या पेचातून मार्ग काढतो. मध्यरात्री शिखरावर वस्त्र पेटते, त्याची ज्वाळा खालच्या भातखाचरांतून आणि दूरच्या गावांतून दिसते, आणि जे गडावर येऊ शकले नाहीत तेही हात जोडतात. राक्षसाच्या नगरांचे दहन हा या अग्नीचा सांगितला जाणारा अर्थ. देवाच्या जुन्या वर्षाचे दहन हा त्याचा केला जाणारा अर्थ. पहिला अर्थ कीर्तनात ऐकू येतो, दुसरा प्रत्यक्ष विधीत दिसतो, आणि अभ्यासकाने दुसऱ्याकडे अधिक लक्ष देणे गरजेचे आहे.

या उत्सवाची वेळ शेतीच्या हंगामाशी बांधलेली आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास पूर्व विदर्भातला हलका धान कापून झालेला असतो, भारी धान कापणीला आलेला असतो, आणि दिवाळीनंतर गावोगाव मंडईचा हंगाम सुरू झालेला असतो. मंडई म्हणजे ठरलेल्या दिवशी एका गावात भरणारी जत्रा, जिथे परिसरातली गावे नातेवाइकांसह जमतात, दंडार आणि खडी गंमत यांसारखे लोकनाट्याचे प्रकार रात्रभर चालतात आणि गोवारी समाजाची ढाल वाजतगाजत मिरवली जाते. उंच बांबूला कापड आणि मोरपिसे बांधून सजवलेली ही ढाल देवतेचेच रूप मानली जाते. रामटेकची यात्रा या मंडयांच्या मालिकेतली सर्वांत मोठी गाठ आहे, असे म्हणता येईल. शास्त्रोक्त पूजेचा गड आणि लोकपरंपरेचे मैदान यांच्यात जे अंतर पुस्तकांत दिसते, ते कार्तिकात रामटेकच्या रस्त्यांवर फारसे जाणवत नाही.

नाचीचा धबधबा

जपानच्या होन्शू बेटाच्या दक्षिणेकडे की नावाचे डोंगराळ द्वीपकल्प आहे. त्याच्या वाकायामा प्रांतातील कुमानो हा प्रदेश प्राचीन काळापासून तीर्थक्षेत्र मानला जातो, आणि त्यातील नाची येथे १३३ मीटर उंचीवरून एकाच धारेत कोसळणारा धबधबा आहे. जपानच्या मूळ देवपरंपरेत, म्हणजे शिंतो परंपरेत, देवता मूर्तीतच असते असे नाही. ती डोंगरात, झाडात, खडकात किंवा पाण्यात वास करते. नाचीला धबधबा हाच देव आहे. त्याच्या पायथ्याच्या हिरो देवस्थानात गाभारा नाही. भक्त थेट पाण्याकडे तोंड करून नमस्कार करतात. धबधब्याच्या माथ्यावर, जिथून पाणी खाली झेपावते, तिथे भाताच्या पेंढ्याचा वळलेला जाड दोर ताणून बांधलेला असतो. पवित्र जागेची सीमा दाखवणारा हा दोर वर्षातून दोनदा, ९ जुलै आणि २७ डिसेंबर या दिवशी, पुजारी स्वतः वर जाऊन बदलतात. ऊन, पाऊस आणि पाण्याचे तुषार यांनी पेंढा कुजतो, आणि देव अढळ असला तरी त्याची सीमा सहा महिन्यांत नवी करावी लागते.

मुख्य देवस्थान धबधब्यापासून थोडे दूर, डोंगराच्या अंगावर आहे. देवता मुळात धबधब्यापाशी होत्या आणि चौथ्या शतकात त्यांना इथे आणले, अशी स्थानिक परंपरा आहे. १४ जुलैचा उत्सव म्हणजे या बारा देवतांचे वर्षातून एकदा मूळ घरी परत जाणे. देवतांना वाहून नेण्यासाठी पालख्यांऐवजी सुमारे सहा मीटर उंचीच्या अरुंद चौकटी उभारतात. त्यांवर तांबडे वस्त्र ताणून सोनेरी पंखे आणि आरसे जडवलेले असतात. या बारा चौकटी धबधब्याकडे जाणाऱ्या, उंच देवदारांनी वेढलेल्या दगडी पायऱ्यांवर येतात तेव्हा खालून पांढऱ्या वेषातले पुरुष बारा मोठ्या मशाली पेटवून त्यांना सामोरे जातात. प्रत्येक मशालीचे वजन सुमारे ५० किलो असते. ती खांद्यावर पेलत, अंगावर ठिणग्या घेत, घोष करत हे लोक पायऱ्यांवर गोल फिरतात, आणि त्या अग्नीने देवतांची वाट शुद्ध होते असे मानतात. नंतर मशाली विझतात आणि देवता पाण्यासमोर स्थानापन्न होतात. त्याच दिवशी भातलावणीचा आणि भातकापणीचा प्रतीकात्मक विधी होतो, आणि डेंगाकू नावाचे, शेतीच्या नृत्यगीतांतून विकसित झालेले प्राचीन नृत्य सादर होते. नाचीच्या या डेंगाकूचा समावेश युनेस्कोने २०१२ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. त्याआधी २००४ मध्ये की पर्वतरांगेतील पवित्र स्थळे आणि यात्रामार्ग यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला होता.

रामटेकशी तुलना करताना साम्य आणि भेद दोन्ही नेमके सांगायला हवेत. नाचीला अग्नी पाण्याच्या दारात उभा राहून देवाचे स्वागत करतो. रामटेकला तो पाण्यापासून शक्य तितक्या उंच चढतो. नाचीला देव हलतो आणि माणसे त्याच्या वाटेवर अग्नी धरतात. रामटेकला देव जागेवर राहतो आणि माणूस पाण्यापासून अग्नीपर्यंतचे अंतर चालून काढतो. साम्य आहे ते नूतनीकरणाच्या तर्कात. पेंढ्याचा दोर, पंख्यांच्या चौकटी, मशाली, त्रिपुरवाती आणि पीतांबर ही सगळी नाशवंत द्रव्ये आहेत. दगडाची आणि धातूची कमतरता कोणत्याच जागी नव्हती. तरीही विधीचा गाभा कुजणाऱ्या आणि जळणाऱ्या वस्तूंवर ठेवला गेला, त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा कुणाला तरी दोर वळावा लागतो, कापड आणावे लागते, मशाल बांधावी लागते. काम उरते म्हणून समाज एकत्र येतो.

एका डोंगराचे अनेक वारसदार

नाचीच्या जन्मकथेत राग्यो नावाचा साधू येतो. तो भारतातून समुद्रमार्गे कुमानोच्या किनाऱ्याला लागला, धबधब्याखाली तप केले आणि तिथल्या डोहात त्याला कान्नोनची लहानशी सुवर्णमूर्ती मिळाली, असे परंपरा सांगते. कान्नोन म्हणजे भारतीय बौद्ध परंपरेतला करुणामय बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. धबधब्याशेजारचे सेइगांतोजी हे बौद्ध मंदिर याच मूर्तीपासून आपला उगम सांगते, आणि पश्चिम जपानमधील तेहतीस कान्नोन क्षेत्रांच्या प्रसिद्ध यात्रेतले ते पहिले क्षेत्र आहे. अवलोकितेश्वराचे निवासस्थान असलेला पोतलक पर्वत दक्षिण भारतात असल्याचे जुने बौद्ध वाङ्मय मानते. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगाने त्या पर्वताच्या माथ्यावर सरोवर असल्याचे लिहून ठेवले. त्या पोतलकाच्या ओढीने नाचीच्या किनाऱ्यावरून काही भिक्षू लहान होड्यांतून दक्षिणेच्या समुद्रात निघून जात, न परतण्यासाठी. डोंगर आणि पाणी यांची भारतीय जोडी जपानी कल्पनेत किती खोल रुजली होती, हे यावरून कळावे.

नाचीला धबधब्याचा देव आणि कान्नोन शतकानुशतके एकाच परिसरात पूजले जात. १८६८ नंतर मेइजी राजवटीने शिंतो आणि बौद्ध स्थाने वेगळी करण्याचे आदेश दिले, तेव्हा ही एकत्र व्यवस्था कायद्याने तोडली गेली. तरीही मंदिर आणि देवस्थान आजही शेजारी उभे आहेत आणि यात्रेकरू दोन्हीकडे जातो. रामटेकवर असा राजाज्ञेचा घाव पडला नाही, पण वारसदारांची संख्या इथेही मोठी आहे. डोंगरावर राम-लक्ष्मण आणि नरसिंह आहेत. भोगरामाचे स्थान महानुभाव पंथीयांना पूज्य आहे. गावात शांतिनाथाचे जैन क्षेत्र आहे. आणि परिसरातील एका टेकडीला महायान आचार्य नागार्जुनाचे नाव आहे. जवळच्या मनसर येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या उत्खननात वाकाटककालीन भव्य वास्तू उजेडात आल्या. त्यांची ओळख काहींनी वाकाटक राजा प्रवरसेन याच्या प्रवरपुराशी जोडली, तर बौद्ध समाजाने तिथे नागार्जुनाचे स्मरण जागवले. या प्रयत्नांत जपानमध्ये जन्मलेले आणि नागपूरला कर्मभूमी मानलेले भदन्त सुरई ससाई यांचा पुढाकार होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात दिलेल्या धम्मदीक्षेनंतर या प्रदेशाचा बौद्ध भूतकाळ नव्या अर्थाने वाचला जाऊ लागला, आणि नागपूरहून रामटेकला जाणाऱ्या वाटेवरच्या कामठीत १९९९ मध्ये जपानी सहकार्याने ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार उभे राहिले. राग्योच्या कथेतली वाट अशा रीतीने उलट दिशेनेही चालली गेली आहे.

वारसदारांचा विचार शंबूकाला वगळून पूर्ण होत नाही. तप करणाऱ्या शूद्र शंबूकाचा रामाने वध केला, ही उत्तररामायणातली कथा रामटेकच्या स्थलपुराणाने याच डोंगरावर आणली. यादवकालीन लेखातही शंबूकाचा निर्देश आहे, आणि त्याच्या नावाने सांगितले जाणारे धूम्रेश्वराचे शिवलिंग डोंगरावर पूजले जाते. वध झालेला तपस्वी लिंगरूपाने राहिला, असा शेवट स्थलपुराणाने कथेला दिला. या शेवटाला समन्वय म्हणायचे की अन्यायावर चढवलेले पूजेचे आवरण म्हणायचे, यावर मतभेद होणारच. आंबेडकरी विचाराने घडलेल्या नागपुरात हा प्रश्न केवळ ग्रंथालयातला राहत नाही. त्रिपुराच्या रात्री डोंगराच्या शिखरावर दिसणारा अग्नी सर्वांना दिसतो, परंतु डोंगराची आठवण सर्वांची सारखी नाही, हे मान्य करूनच या उत्सवाचे वर्णन करायला हवे. सर्वसमावेशकतेचा गोड शेवट आधीच ठरवून लिहिलेले वर्णन इतिहासाला उपयोगी पडत नाही.

अभ्यासाची दिशा

रामटेकवर आजवर झालेले लेखन मुख्यतः दोन प्रकारचे आहे. पहिल्यात लेख, नाणी, मूर्ती आणि वास्तू यांच्या आधारे वाकाटकांचा इतिहास मांडलेला आहे. मिराशींचे कार्य आणि पुढे डच विद्वान हान्स बाकर यांनी वाकाटक मूर्तिशिल्पावर केलेले संशोधन या वर्गातले शिखर आहे. दुसऱ्या प्रकारात क्षेत्रमाहात्म्ये आणि यात्रेकरूंसाठीच्या पुस्तिका येतात, ज्यांत आख्यायिका असतात आणि तिथ्या असतात, मात्र विधी करणाऱ्या माणसांचा हिशेब नसतो. या दोन्हींमध्ये एक मोठी पोकळी आहे. देवाची वस्त्रे कोण शिवते आणि कोण उतरवते, त्रिपुराचे साहित्य कोणाच्या मानाचे, शिखरावर चढण्याचा अधिकार कोणत्या घराण्याचा, घाटांची डागडुजी कोण करत आले, यात्रेतल्या दंडारींना कोणती गावे आमंत्रण देतात, हे तपशील अजून बहुतांशी लोकांच्या बोलण्यात आहेत. नाचीच्या नृत्याची नोंद झाली, त्याचे शिक्षण पुढच्या पिढीकडे सोपवण्याची व्यवस्था झाली, म्हणून त्याला जगाची मान्यता मिळाली. १९९७ मध्ये रामटेकला कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ स्थापन झाल्याने संस्कृत ग्रंथपरंपरेच्या अभ्यासाला हक्काची जागा मिळाली. तशीच काळजी विधीच्या मौखिक ज्ञानाला मिळणे आता आवश्यक आहे.

पाण्याचा प्रश्न याहून निकडीचा आहे. नाचीच्या देवस्थानाला धबधब्यामागचे जंगल राखावे लागते, कारण जंगल गेले तर धार आटेल आणि धार आटली तर देवच उरणार नाही. अंबाळ्याच्या बाबतीत हा संबंध इतका उघड दिसत नाही, म्हणून तो सहज विसरला जातो. टेकडीच्या उतारावरचे गवत आणि झाडी तलावात येणारे पाणी गाळते. घाटावर सोडलेले निर्माल्य, अस्थी आणि प्लास्टिक साचलेल्या पाण्यातच राहते, कारण वाहत्या धारेप्रमाणे ते पुढे नेणारा प्रवाह इथे नाही. साठवलेले पाणी पवित्र ठेवायचे तर ते माणसांनीच ठेवावे लागते. सुदर्शन जलाशयाची नोंद देवाच्या नोंदीशेजारी कोरणाऱ्यांना ही जबाबदारी कळली होती.

त्रिपूर हा भूतकाळाचा अवशेष आहे असे समजून केलेला अभ्यास म्हणूनच अपुरा ठरतो. अग्नी, वस्त्र, पाणी, घाट, पायऱ्या आणि त्यांवर राबणारे हात यांची ती चालू व्यवस्था आहे, आणि तिच्यातला एखादा दुवा सैल झाला की उरलेल्या दुव्यांवर ताण येतो. शिखरावरच्या एका रात्रीचे छायाचित्र सहज मिळते. घाटाच्या देखभालीचा, वस्त्रांच्या पुरवठ्याचा, मानपानाच्या वाटणीचा आणि त्यात वगळल्या गेलेल्यांचा वर्षभराचा वृत्तान्त मिळवायला कष्ट पडतात. रामटेकचे पावित्र्य नेमके कशाने टिकले आणि ते कोणासाठी टिकले, हे समजून घ्यायचे असेल तर अभ्यासाची सुरुवात त्या वृत्तान्तापासून करावी लागेल.